पाळण्याची जागा

आमच्या गल्लीत दात बनवणाऱ्या अकरा लॅब आहेत. गल्ली एवढीशी, की एका टोकाला कुणी जोरात शिंकलं तर दुसऱ्या टोकाची प्लास्टरची धूळ उडावी. सगळ्यांकडे तीच भट्टी, तेच गुलाबी मेण, त्याच पाकिटांतले दात. बाहेरच्या पाट्यांवरसुद्धा एकच हसू आहे. पाट्या रंगवणाऱ्याकडे बहुधा तेवढंच एक चित्र असावं.

पाचवी लॅब आमची. सासऱ्यांनी सुरू केलेली. ते गेल्यावर ती माझ्या नणंदेवर आणि माझ्यावर आली. नणंद माझ्या नवऱ्याहून तेरा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणते आणि समोर असली की अहो-जाहो करते. ती मला डिप्लोमाबाई म्हणते. डिप्लोमा माझा आहे, भिंतीवर, चौकटीत. ताईची सासऱ्यांशेजारच्या स्टुलावर बसून काढलेली तीस वर्षं आहेत. त्यांना चौकट कुठून आणायची?

काम सांगायला सोपं आहे. दवाखान्यात डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेतात. त्या मापात आम्ही प्लास्टर ओततो, की त्या तोंडाचा पांढरा साचा मिळतो. त्या साच्यावर मेणात दात बसवायचे, माणसाच्या तोंडात घालून बघायचे, पटले की पक्की कवळी करायची. कवळी गेली की साच्याचं काम संपतं. बाकीच्या दहा लॅब तीन महिन्यांनी साचे फेकून देतात.

सासरे फेकत नसत. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत पाच फळ्या, आणि त्यांवर बुटांची खोकी. प्रत्येक खोक्यावर नंबर, आत एक तोंड. ते म्हणायचे, आज एक दाढ करायला आलेला माणूस वीस वर्षांनी परत येणार आहे, तेव्हा त्याचे दात कसे होते हे कुणाला तरी माहीत पाहिजे. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला ती भिंत बघून शहारा आला होता. एवढी तोंडं, आणि सगळी गप्प.

माझी लेक पिल्लू तीन महिन्यांची झाली आणि मी कामावर परत आले. तिला घरी ठेवायला कुणी नव्हतं, नवरा सकाळी आठला बाहेर पडायचा. लॅबमध्ये पाळणा आणायचा ठरला. त्याच आठवड्यात ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ती घरी होती. मी हातगाडीवाल्याला बोलावलं आणि फळ्या रिकाम्या केल्या. तिसरी, चौथी, पाचवी. चौदा पोती भरली. पोती उचलताना आत साचे एकमेकांवर घासत होते, तो आवाज मला अजून येतो. वरच्या दोन फळ्या वाचल्या, त्याचं कारण माझा हात तिथे पोचत नव्हता. स्टूल घ्यायचा कंटाळा केला, एवढंच.

त्या तीन फळ्या उखडल्या आणि भिंत पांढरी रंगवून घेतली. तिला लागून पाळणा ठेवला.

ताई आली ती एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून. दारातच थांबली. भिंतीकडे बघितलं, पाळण्याकडे बघितलं.

"पिल्लूला धूळ बाधली असती," मी म्हटलं. तिने विचारायच्या आत.

"हो," ती म्हणाली. मग जवळ येऊन तिने पाळण्याची दोरी हातात घेतली. "छान झोपलीय गं."

विषय संपला. म्हणजे मला तसं वाटलं.

*

पिल्लू वर्षाची व्हायच्या सुमारास डॉक्टर मॅडमनी मला बोलावलं. आमचं निम्म्याहून जास्त काम त्यांच्याकडून यायचं. त्यांच्या टेबलावर एका मोठ्या कंपनीचं चकचकीत पुस्तक होतं. मशीन तोंडाचा फोटो काढतं, मशीनच दात कोरतं, चार दिवसांत घरपोच.

"मला तुमच्याबद्दल तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "पण बाकीचे दहा जण करतात तेच तुम्ही करता. मग मी तुमच्याकडेच का पाठवायचं? वेगळं काय आहे तुमच्यात?"

दात बनवणाऱ्या बाईची दातखीळ बसली. शेवटी म्हटलं, "आम्ही वेळेवर देतो."

"ते तर देणारच ना," मॅडम म्हणाल्या. "दिवाळं निघाल्यासारखी उत्तरं नका देऊ. विचार करून या."

मी घरी आले, पिल्लूला भरवताना विचार केला, भांडी घासताना केला. डिप्लोमा? गल्लीत सात जणांकडे आहे. काम नीट? सगळ्यांचंच नीट. इतकं नीट, की गल्लीतून बाहेर पडलेली अकरा म्हातारी माणसं एका रांगेत उभी केली तर भावंडं वाटावीत.

त्याच सुमारास एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची कवळी आमच्याकडे होती. दोनदा मेणात बसवून नेली, दोन्ही वेळा बाईंनी आरसा खाली ठेवला. "छान आहेत. माझे नाहीत," एवढंच म्हणाल्या. तिसऱ्या वेळेला पिल्लूचा कान दुखायला लागला आणि मी दोन दिवस घरी बसले. तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये आले तर टेबलावर ट्रे तयार होता, ताई बँकेत गेली होती. मी ट्रे उचलला आणि दवाखाना गाठला.

बाईंनी कवळी घातली. आरशात बघितलं. हात तोंडाशी नेला. वरचा डावीकडचा एक दात शेजारच्यावर जरासा चढला होता, रांगेत घुसणाऱ्या माणसासारखा. मला वाटलं, ताईचा डोळा अजून बरा झालेला नाही.

बाईंचे यजमान पुढे वाकले. "अगं," ते म्हणाले, "आलीस होय तू."

आणि बाई हसल्या. त्या दातासकट.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ह्यांचा जुना फोटोसुद्धा नव्हता तुमच्याकडे. कसं कळलं तुम्हाला?"

इथे मी खरं सांगू शकले असते. मला माहीत नाही, ताईने केलंय. पाच शब्द. पण मॅडमच्या टेबलावर ते पुस्तक अजून होतं. "जबड्याकडे बघितलं की येतो अंदाज," मी म्हटलं. "हे जरा... बघावं लागतं."

"हे आहे," मॅडम म्हणाल्या. "हे आहे तुमचं वेगळेपण. आधी का नाही सांगितलंत?"

परत आले तर ताई पाळणा हलवत बसली होती. मी तिला बाईंचं हसणं सांगितलं, यजमानांचं बोलणं सांगितलं. माझं बोलणं सांगितलं नाही.

"वरच्या फळीवर होतं तिचं तोंड," ताई म्हणाली. "एकोणीस वर्षांपूर्वी दाढ करायला आली होती. तेव्हाही असाच चढलेला होता तो दात. बाबा म्हणाले होते, हिचा स्वभाव बघ दातात उतरलाय."

*

पुढचे दोन महिने फार चांगले गेले आणि मला फार वाईट झोप लागली. मॅडमनी आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना सांगितलं. गल्लीत एक बाई आहे, नुसता जबडा बघून जुने दात ओळखते. काम येत गेलं. मला दवाखान्यात खुर्ची मिळायला लागली, दात बनवणाऱ्यांना सहसा ट्रे ठेवून परत फिरायचं असतं. मी माणसाच्या जबड्याकडे डोळे बारीक करून बघायचे. मला त्यात जबडाच दिसायचा.

मग लॅबमध्ये येऊन ताईला नाव सांगायचे. ती रजिस्टर उघडायची, स्टुलावर चढायची, खोकं काढायची. तिघांची खोकी सापडली. बाकीच्यांचे मी फोटो मागवले आणि वेळ मारून नेली. ताईने विचारलं नाही, की दवाखान्यात तू काय सांगतेस. मॅडमनी आता मला त्यांच्या डॉक्टरांच्या मेळाव्यात बोलायचं पत्र दिलं होतं. विषय: नजर कशी तयार होते.

ते पत्र मी ताईला दाखवलं नाही. पिल्लूच्या दुपट्यांखाली ठेवलं.

मग पीटीचे सर आले. शाळेत आयुष्यभर मुलांना पळवलेले, आता सत्तरीचे. हिरड्यांच्या दुखण्यात सगळे दात काढावे लागले होते. मॅडमनी त्यांना माझ्याकडे बोट करून सांगितलं, "ह्या बाई बघतील. तुम्हाला तुमचेच दात मिळतील." सरांनी मला नमस्कार केला. बोळक्या तोंडाचा माणूस लाजतो तेव्हा लहान मुलासारखा दिसतो. मी डोळे बारीक करून बघितलं. "हो," म्हटलं. "मिळतील."

त्यांनी सांगितलं होतं, की पंधरा वर्षांपूर्वी एक तुटलेला दात बसवायला ते आमच्याकडेच आले होते. मी जवळजवळ पळतच लॅबमध्ये आले.

ताईने रजिस्टर उघडलं. तिचं बोट ओळींवरून खाली आलं आणि थांबलं.

"तिसरी फळी," ती म्हणाली. "एकशे अठरा."

मी भिंतीकडे बघितलं.

"तिथे आता पाळणा आहे," ताई म्हणाली. पत्ता सांगावा तसं.

पाळण्यात पिल्लू उठून बसली होती आणि कठडा चावत होती. तिला नुकतेच वरचे दोन दात आले होते. मी रजिस्टर जवळ ओढलं. एकशे अठरासमोर, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: नाही. मी पान उलटलं. नाही, नाही, नाही. त्याच्या पुढचं पान. त्याच्या पुढचं. अक्षर वाकडंतिकडं होतं, ओळीखाली घसरलेलं. ते ताईचं अक्षर नव्हतं. मग कळलं, की ताईचंच होतं, एका डोळ्याने लिहिलेलं.

"किती आहेत?"

"तीनशे बेचाळीस."

"तुम्ही बोलला का नाहीत मला?"

"बोलून काय चौदा पोती परत आली असती?" ती पिल्लूच्या तोंडातून कठडा सोडवत म्हणाली. "आणि तू पोरीचं नाव पुढे केलं होतंस. पोरीपुढे मी काय बोलणार."

"पोरीसाठी नव्हतं ते, ताई."

"माहितेय."

"कसं?"

"पाळण्याला एवढी भिंत लागत नाही."

खरं होतं. पाळण्याला एक कोपरा पुरला असता. मला ती भिंत नको होती. बुटांची खोकी, पिवळे पडलेले नंबर, आणि डॉक्टरांकडून कुणी आलं की आधी नजरेला पडणारा तो सगळा पसारा. शेजारच्या लॅबमध्ये पांढरी भिंत होती, तिच्यावर एक घड्याळ. मला तसं पाहिजे होतं. मला त्या दहांसारखं दिसायचं होतं, आणि त्यासाठी मी त्या दहांकडे नव्हतं तेवढंच नेमकं पोत्यात भरलं. वर माझ्या लेकीच्या नावावर खपवलं, जिला बोलता येत नव्हतं.

दुपट्यांखालचं पत्र काढून मी ताईच्या हातात दिलं. दवाखान्यात काय सांगते तेही सांगितलं, पहिल्या दिवसापासूनचं. तिने पत्र दोनदा वाचलं.

"नजर म्हणे," ती म्हणाली. "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि नजर तुला आली होय गं?"

मला हसू आलं आणि त्याच्या मागून रडू. ताईने मला गप्प केलं नाही. पिल्लूने मात्र माझं बघून सूर लावला, तेव्हा तिने तिला उचलून घेतलं आणि मला म्हणाली, "तू चालू ठेव. एका वेळी एकीलाच घेता येतं मला."

*

मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं. हातातलं पेन त्यांनी टेबलावर ठेवलं, मग सरळ केलं, मग पुन्हा सरळ केलं.

"म्हणजे दोन महिने मी लोकांना खोटं सांगतेय."

"हो. माझ्यामुळे."

"बाहेर सर बसलेत," त्या म्हणाल्या. "त्यांना शब्द मी दिलाय. पण हे मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

सर आणि त्यांच्या बाई बाकड्यावर बसले होते, बाईंच्या मांडीवर त्यांची पर्स, सरांच्या मांडीवर त्यांची टोपी. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुमचा साचा आमच्याकडे होता. मी टाकला. आता तुमचे दात कसे होते हे मला माहीत नाही, आणि नुसतं बघून कळतं असं मी म्हटलं ते खोटं होतं.

सर जरा वेळ टोपी फिरवत राहिले. "माझं तोंड फेकलंत म्हणा की," ते म्हणाले.

"एकदा तरी कुणीतरी फेकायलाच हवं होतं," बाई म्हणाल्या. "फार चालायचं."

ते हसले, पण हाताआड. मग हात तसाच ठेवून म्हणाले, "मला दिसण्याचं काही नाही हो. शिट्टीचं होतं. पुढच्या दोन दातांत फट होती माझ्या. मैदानावर गळ्यात शिट्टी कधी घातली नाही मी. दातांतूनच वाजवायची. आता नुसता वारा येतो."

फोटो आणले होते त्यांनी. एकातही ते दात दाखवून हसत नव्हते. पीटीच्या सरांनी फोटोत हसायचं नसतं बहुतेक.

फट केवढी होती, हे त्या साच्यात होतं. प्लास्टरमध्ये, केसाच्या रुंदीपर्यंत खरं. तो साचा कुठल्यातरी खड्ड्यात भरणीला पडला होता, आणि त्याच्या जागी मी तीन फुटांचा पाळणा हलवत होते.

"आवाज आठवतो का तुम्हाला?" मी बाईंना विचारलं.

"आवाज? तिसऱ्या मजल्यावरून ओळखायचे मी. गॅस बारीक करायचे, की आले."

मी मॅडमकडे तासभर मागितला. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि शेवटच्या खोलीकडे बोट केलं.

मेणात दात बसवून सरांच्या तोंडात घातले, पुढच्या दोन दातांत फट ठेवून. बाईंना बाहेर बाकड्यावरच बसवलं, दार किलकिलं ठेवलं. तोंडाकडे बघून त्यांना काही सुचू नये म्हणून. सरांनी फुंकर घातली. फुस्स झालं. मी मेण गरम केलं, दात एवढासा सरकवला. पुन्हा. या वेळी आवाज आला, रडका.

"ही नाही," दाराबाहेरून उत्तर. "ही शेजारच्यांची."

पुन्हा काढले, पुन्हा सरकवला, थंड पाण्यात धरून मेण घट्ट केलं. "जाड आहे." पुन्हा. "आता फार बारीक झाली, कुणाला तरी चावेल." सर हसले की मेणाचे दात निसटायला लागले, म्हणून मी त्यांना दटावलं, आणि त्यांनी पाय जुळवून सावधान केलं. नवव्या की दहाव्या वेळेला खोलीत एक स्वच्छ, लांब शिट्टी वाजली.

बाहेरून काहीच आलं नाही. मी दार उघडलं. बाई पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

"हीच का?"

मला खूश करणं त्यांना सहज जमलं असतं.

"जवळपास," त्या म्हणाल्या. "गॅस बारीक केला असता मी. पण एकदा खिडकीतून बघितलंही असतं, की तेच आहेत ना."

सर म्हणाले, "पुरे की. एवढं कोण ओळखतंय."

"मी," बाई म्हणाल्या.

हात धुताना मॅडम शेजारच्या बेसिनशी आल्या. "मेळाव्यात कुणी बोलायचं मग?"

"ताई नाही बोलायच्या. मी विचारलंय. म्हणाल्या, तू बोल, पण पोत्यांपासून सुरुवात कर."

"आणि मी विचारलं होतं त्याचं उत्तर? वेगळं काय तुमच्यात?"

"आमच्याकडे जपून ठेवतात," मी म्हटलं. "सगळं नाही. तीन फळ्या मी टाकल्यात."

मॅडमनी नळ बंद केला. पुढच्या आठवड्यापासून साधं काम त्या कंपनीकडे जायला लागलं. ज्यांना आपलेच दात परत हवे आहेत, तेवढी माणसं आमच्याकडे येतात. ट्रेवरच्या चिठ्ठीवर त्या आता माझं नाव घालत नाहीत, ताईचं घालतात. ते बरोबरच आहे, आणि तरी प्रत्येक चिठ्ठी जरा टोचते. टोचू दे.

पाळणा मी खिडकीशी नेला. पिल्लूचे पाय आता त्यातून बाहेर येतात, नाहीतरी महिनाभरात तो निघणारच. भिंतीला तिसरी फळी पुन्हा ठोकली. सरांचा नवा साचा, मेणातल्या फटीचं माप असलेला, खोक्यात घालून मी तिथे ठेवला आणि रजिस्टर उघडून खोडरबर घेतलं.

"खोडू नकोस," ताई म्हणाली. "नाही ते नाहीच राहू दे. खाली नवीन ओळ लिही."

मी नवीन ओळ लिहिली. आत्याच्या कडेवरून पिल्लूने पेन्सिल मागितली, मिळाली नाही म्हणून तिने फळीचा कोपरा चावला. ताज्या लाकडावर तिच्या दोन दातांची खूण उमटली. ती मी रंधून काढणार नाही.

राहिले तीनशे एक्केचाळीस. दाराशी कुणी आलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते, आणि तो नाव सांगेपर्यंत वरून फळ्या मोजत राहते.